कोरियन भयपट आणि सौंदर्य-शस्त्रक्रियेची काळी बाजू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांचे हे संकलन आहे. कोणताही प्रश्न सुटा वाचला तरी चालेल. एखाद्या मुद्द्याचे उत्तर दुसरीकडे दिलेले असल्यास तिथला क्रमांक दिला आहे. प्रश्न 4 ते 8, 11 आणि 12 यांच्या उत्तरांत कथानकातली गुपिते उघड होतात, म्हणून ज्यांना चित्रपट कोऱ्या मनाने पाहायचे असतील त्यांनी ती तूर्तास वगळावीत.

1. या विषयावरचे कोरियन भयपट कोणते? सुरुवात कुठून करू?

थेट शस्त्रक्रियेभोवती फिरणारे महत्त्वाचे चित्रपट तीन आहेत : बोंग मान-दे यांचा 'सिंड्रेला' (2006), किम की-दुक यांचा 'टाइम' (2006) आणि चो क्योंग-हून यांचा ॲनिमेशनपट 'ब्यूटी वॉटर' (2020). त्यांच्या जोडीला सौंदर्याच्या ध्यासावरचे दोन चित्रपट येतात. युन जे-योन यांच्या 'योगा' (2009) मध्ये एक गूढ योगवर्ग परिपूर्ण रूपाचे आश्वासन देतो, तर किम गोक आणि किम सन या बंधूंच्या 'व्हाइट' (2011) मध्ये शापित गाणे हाती लागलेल्या मुलींच्या पॉप-गटाची कथा आहे. 2023 ची 'मास्क गर्ल' ही नेटफ्लिक्सवरची सात भागांची मालिका रूढ अर्थाने भयपट नाही. तिच्याबद्दल प्रश्न 11 मध्ये लिहिले आहे.

सुरुवात 'सिंड्रेला'पासून करावी, असे मी सुचवीन. चित्रपट म्हणून तो या यादीत सर्वांत सरस नाही आणि मधल्या अर्ध्या तासात चांगलाच रेंगाळतो. पण हा संपूर्ण प्रकार ज्या एका प्रश्नावर उभा आहे, म्हणजे नव्या चेहऱ्याची किंमत कोणी मोजली, तो त्यात सर्वांत उघडपणे विचारलेला आहे.

2. कोरियातच हा विषय इतका का चालतो?

त्या समाजात सौंदर्य-शस्त्रक्रिया ही आडून बोलण्याची गोष्ट राहिलेली नाही, म्हणून. 2015 च्या गॅलप कोरियाच्या पाहणीत 19 ते 29 या वयोगटातल्या साधारण तीनपैकी एका स्त्रीने अशी शस्त्रक्रिया करून घेतल्याचे आढळले होते. सोलच्या गंगनम भागात, विशेषतः आपगुजोंग आणि सिन्सा या स्थानकांच्या परिसरात, एकेका इमारतीत अनेक दवाखाने दाटीने उभे आहेत, आणि 'आधी' व 'नंतर'च्या छायाचित्रांच्या जाहिराती भुयारी रेल्वेत वर्षानुवर्षे झळकत होत्या. नोकरीच्या अर्जावर छायाचित्र चिकटवण्याची पद्धत तर इतकी रुळलेली होती की सरकारी क्षेत्रात ती बंद करण्यासाठी 2017 मध्ये मून जे-इन यांच्या सरकारला मुद्दाम धोरण आणावे लागले.

इतिहास याहून जुना आहे. कोरियन युद्ध थांबल्यानंतर अमेरिकी मरीन दलाबरोबर तिथे गेलेले शल्यविशारद डेव्हिड राल्फ मिलार्ड यांनी पापणीला दुहेरी घडी पाडण्याची शस्त्रक्रिया केली आणि तिच्यावर 1955 मध्ये लेख लिहिला. या शस्त्रक्रियेचे जनकत्व अनेकदा त्यांना दिले जाते, ते बरोबर नाही, कारण जपानमध्ये ती 1896 मध्येच नोंदली गेली होती. मात्र युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशात, परकीय सैन्याच्या डॉक्टरकडून, परकीय डोळ्यांना पसंत पडेल असा डोळा घडवून घेणे ही सुरुवात कोरियन अभ्यासकांना आजही खुपते.

दुसऱ्या बाजूला कन्फ्यूशियन परंपरेची शिकवण अशी की शरीर, केस आणि त्वचा ही आईवडिलांकडून मिळालेली ठेव आहे आणि तिला धक्का न लावणे हीच पितृभक्तीची पहिली पायरी. 1895 मध्ये पुरुषांनी शेंडीसारखा बांधलेला केसांचा बुचडा कापावा, असा राजाचा हुकूम निघाला तेव्हा लोकांनी बंड केले होते. बुचड्यासाठी हत्यार उचलणाऱ्यांच्या पणत्या पापणीवर सुरी फिरवून घेतात, तेव्हा मनाच्या तळाशी थोडी अपराधी भावना उरतेच, आणि भयपटाला तेवढे भांडवल पुरते.

3. प्लास्टिक सर्जरी मुळात आपल्याकडची ना? मग तिचा संबंध कोरियाशी का जोडता?

नाकाच्या पुनर्रचनेपुरते म्हणणे बरोबर आहे. सुश्रुतसंहितेत तिचे वर्णन आहे, आणि युरोपला तिची ओळख झाली ती पुण्याच्या एका घटनेतून. टिपूच्या सैन्याने नाक कापलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याजवळ एका देशी कारागिराने कपाळाची कातडी उतरवून नवे नाक बसवले; लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने 1794 मध्ये ते वृत्त चित्रासह छापले आणि पुढे 1814 मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी त्याच पद्धतीने लंडनमध्ये शस्त्रक्रिया केली. मात्र कावसजीला गेलेले नाक परत हवे होते. या पानावरचे चित्रपट असलेले नाक नको असण्याबद्दलचे आहेत, आणि तो व्यवसाय ज्या प्रमाणात सोलमध्ये वाढला तसा इतरत्र क्वचितच वाढला. या दोहोंतला फरक कुठे धूसर होतो, ते प्रश्न 8 मध्ये पाहावे.

4. 'सिंड्रेला'चा शेवट समजला नाही. नक्की काय घडले होते?

ह्योन-सू ही शाळकरी मुलगी आणि तिची आई युन-ही ही सौंदर्य-शल्यविशारद, असे दोघींचेच घर आहे. ह्योन-सूच्या मैत्रिणी तिच्या आईकडून शस्त्रक्रिया करून घेतात, काही दिवस आरशासमोर हरखून जातात आणि मग एकामागून एक स्वतःच्याच चेहऱ्यावर धारदार वस्तू चालवतात. प्रेक्षकाला वाटत राहते की मुलींना त्यांच्या हौसेची शिक्षा मिळते आहे.

उलगडा वेगळाच आहे. ह्योन-सूचा चेहरा लहानपणी अपघातात भाजून विद्रूप झाला होता, आणि तिच्या आईने एका अनाथ मुलीला घरी आणून तिच्या चेहऱ्याची त्वचा आपल्या मुलीला लावली होती. ज्या मुलीचा चेहरा गेला तिचेच भूत आता सूड उगवत आहे. मैत्रिणींचा दोष एवढाच की त्या त्याच हातांखाली, त्याच टेबलावर झोपल्या. शीर्षकातली सिंड्रेला कोण, हा प्रश्न त्यामुळे उलटा फिरतो : घरात आणलेली, राबवलेली आणि लपवलेली परकी पोर ही खरी सिंड्रेला, आणि राजकन्येसारखी वाढलेली नायिका तिच्या जागेवर बसलेली आहे.

मला या चित्रपटातली आई फार अस्वस्थ करते. ती पैशासाठी काहीच करत नाही. तिच्या मायेत खोट नाही, आणि तरीही त्या मायेचा हिशेब दुसऱ्याच्या लेकराच्या कातडीत चुकता झालेला आहे. कोरियन भयपटांत सावत्र आई ही ठरलेली खलनायिका असते. इथे सख्खी आई तिची जागा घेते.

5. 'टाइम' हा भयपट आहे की प्रेमकथा?

प्रेमकथेच्या अंगाने गेलेला भयपट आहे, असे म्हणता येईल. त्यात भूत नाही, आणि रक्त दिसते ते मुख्यतः आरंभीच्या शस्त्रक्रियेच्या दृश्यांत. पण ती दृश्ये इतकी रोखठोक आहेत की अनेक जण तिथेच उठतात.

से-ही या तरुणीला वाटते की प्रियकराला तिच्या त्याच त्या चेहऱ्याचा कंटाळा आला आहे. ती न सांगता नाहीशी होते, चेहरा पूर्ण बदलून घेते आणि काही महिन्यांनी अनोळखी स्त्री म्हणून त्याच्या आयुष्यात परत येते. तो या नव्या स्त्रीच्या प्रेमात पडतो, पण हरवलेल्या से-हीलाही विसरत नाही, आणि ती स्वतःच्याच जुन्या चेहऱ्याची सवत बनते. एका प्रसंगात ती आपल्या जुन्या चेहऱ्याच्या छायाचित्राचा कागदी मुखवटा घालून त्याला भेटायला येते. कागदाच्या कडांबाहेर नवा चेहरा दिसतो, मुखवट्यावरचे हसू हलत नाही, आणि मागून रडण्याचा आवाज येत राहतो. भूत न दाखवता इतके भेसूर दृश्य रचणे सोपे नाही.

पुढे प्रियकरही त्याच शल्यविशारदाकडे जातो, आणि मग तिला रस्त्यातल्या प्रत्येक परक्या पुरुषात त्याला शोधावे लागते. चेहरा बदलला की माणूस नवा होतो, ही दवाखान्याच्या जाहिरातीतली बतावणी हा चित्रपट शब्दशः खरी धरतो आणि तिचे पर्यवसान कशात होते ते दाखवतो.

6. या चित्रपटांतले भूत नेहमी मुलीचेच का असते?

हा वारसा जुन्या लोककथांचा आहे. अन्यायाने मेलेली आणि दाद न मिळालेली मुलगी न्याय मागायला परत येते, हा कोरियन भूतकथेचा कणा आहे. 'जांगह्वा आणि होंगन्योन' या बहिणींच्या, जोसन राजवटीच्या काळातल्या कथेत त्या बहिणी थेट न्यायाधिकाऱ्यापुढेच प्रकट होतात. किम जी-उन यांचा 2003 चा गाजलेला भयपट तिच्यावरच बेतलेला आहे.

आपल्या विषयाला अधिक जवळची कथा 'कोंगजी आणि पातजी' ही आहे. तिला कोरियन सिंड्रेला म्हणतात, पण ती लग्नाशी संपत नाही. सावत्र बहीण पातजी विवाहित कोंगजीला तळ्यात बुडवून मारते आणि तिच्या जागी नांदू लागते. चेहरा असा कसा झाला, असे नवऱ्याने विचारल्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनवर तोंडघशी पडल्याने व्रण उठले, असे सांगते, आणि नवऱ्याला ते पटते. गुन्हा उघडकीस आल्यावर पातजीला देहदंड होतो आणि तिचे खारवलेले मांस तिच्या आईकडे पाठवले जाते. दुसरीचा चेहरा मिरवणारी स्त्री, न ओळखणारा पुरुष आणि शेवटी आईच्या पदरात पडणारी शिक्षा हे तिन्ही धागे 'सिंड्रेला' आणि 'टाइम'मध्ये जसेच्या तसे सापडतात.

शाळकरी मुलींचे भयपट लोकप्रिय होण्याचे श्रेय 1998 च्या 'व्हिस्परिंग कॉरिडॉर्स'ला जाते. तोंडावर लाल मुखवटा लावून फिरणाऱ्या फाटक्या तोंडाच्या बाईची, मुलांच्या तोंडी फिरणारी दंतकथाही याच वातावरणातली आहे : मूळची जपानी, पण कोरियात तिचे फाटलेले तोंड फसलेल्या सौंदर्य-शस्त्रक्रियेमुळे झाले, असेही सांगितले जाते.

7. 'ब्यूटी वॉटर'मधले पाणी खरेच असते का?

नाही. ती ओ सोंग-दे यांच्या वेबटूनमधली, म्हणजे इंटरनेटवर प्रसिद्ध होणाऱ्या चित्रकथेतली कल्पना आहे. मेकअप करणाऱ्या येजी या स्थूल तरुणीला एक बाटली मिळते. त्या द्रवात चेहरा बुडवला की मांस ओल्या शाडूसारखे मऊ होते, नको ते कापून टाकता येते आणि उरलेल्याला हवा तो आकार देता येतो. चित्रकथेतून आलेला हा भाग ॲनिमेशनमध्ये फार परिणामकारक झाला आहे, कारण जिवंत नटाच्या शरीरावर जे खोटे वाटले असते ते इथे सहज पटते.

या चित्रपटाचा गाभा मात्र वेगळ्या प्रसंगात आहे. येजीकडून पाण्याचा अतिरेक होतो, अंगावरचे मांसच उरत नाही, आणि ते भरून काढण्यासाठी आईवडील स्वतःच्या अंगाचे मांस देतात. शरीर ही आईवडिलांची देणगी, ही प्रश्न 2 मधली शिकवण इथे अक्षरशः दुसऱ्यांदा वसूल केली जाते, आणि मुलीला त्याचे फारसे काही वाटत नाही.

पाणी काल्पनिक असले तरी झटपट आणि स्वस्त उपायाचा मोह काल्पनिक नाही. परवाना नसलेल्या माणसांकडून चेहऱ्यात सिलिकॉन टोचून घेतल्याची आणि चेहरे कायमचे सुजून विद्रूप झाल्याची उदाहरणे कोरियन दूरचित्रवाणीने दाखवली आहेत. त्यांपैकी एका स्त्रीने तर स्वतःच्या हाताने चेहऱ्यात खाद्यतेल टोचून घेतले होते.

8. भाजलेल्या किंवा अपघातग्रस्त व्यक्तीवरची शस्त्रक्रियाही या चित्रपटांच्या दृष्टीने पापच आहे का?

पुनर्रचनेची आणि सौंदर्याची शस्त्रक्रिया हे चित्रपट मुद्दाम एकमेकांत मिसळतात, आणि 'सिंड्रेला'त तर मूळ शस्त्रक्रिया भाजलेल्या मुलीवरचीच आहे. तिथे पाप शस्त्रक्रियेत नाही, त्वचा कोणाची आणि कशी घेतली यात आहे.

वैद्यकीय दृष्टीने ते कथानक टिकत नाही, हेही सांगायला हवे. परक्या व्यक्तीची त्वचा शरीर नाकारते आणि ती टिकवायची तर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. जगातले पहिले अंशतः चेहरा-प्रत्यारोपण फ्रान्समध्ये अमियाँ येथे नोव्हेंबर 2005 मध्ये झाले, म्हणजे 'सिंड्रेला' पडद्यावर येण्याच्या जेमतेम नऊ महिने आधी. आणि ते मृत दात्याच्या ऊतींतून, मोठ्या पथकाने केले होते. एकट्या आईने गुपचूप करण्याजोगे ते काम नव्हे. कोरियन प्रेक्षकांना मात्र त्या उन्हाळ्यात ही कल्पना अगदीच अशक्य वाटली नसणार.

9. पडद्यावर दाखवतात तसे प्रत्यक्षात काही घडले आहे का?

भुताखेरीज बरेच काही घडले आहे. जानेवारी 2014 मध्ये गंगनममधल्या एका दवाखान्याने जबड्याच्या शस्त्रक्रियेत कापलेली हाडे काचेच्या उंच नळकांड्यांत भरून दर्शनी भागात मांडली होती. हाडांवर रुग्णांची नावे लिहिलेली होती. कामाचा अनुभव ग्राहकांना पटवून देण्याचा तो मार्ग होता. वैद्यकीय कचऱ्याचे नियम मोडल्याबद्दल प्रशासनाने हस्तक्षेप केल्यावर ते मनोरे हटवले गेले. असे दृश्य एखाद्या भयपटात असते तर अतिरंजित म्हणून आपणच नाक मुरडले असते.

गंभीर प्रकार 'भूत-शस्त्रक्रिया' या नावाने ओळखला जातो. सल्लामसलतीच्या वेळी नामांकित शल्यविशारद बोलतो, रुग्ण त्याच्या नावावर पैसे भरतो, आणि भूल चढल्यावर सुरी दुसऱ्याच कोणाच्या हाती जाते. हा दुसरा कधी नवशिका डॉक्टर असतो, तर कधी डॉक्टरही नसतो. एकाच वेळी अनेक टेबले चालू ठेवून नामांकित माणसाच्या नावाची विक्री वाढवणे, हे त्यामागचे साधे गणित आहे.

सप्टेंबर 2016 मध्ये विशीतल्या एका विद्यार्थ्यावर सोलमध्ये जबड्याची शस्त्रक्रिया झाली. मुख्य शल्यविशारद मध्येच दुसऱ्या खोलीत गेला, पुढचे काम दुसऱ्या डॉक्टरने केले, रक्तस्राव होत राहिला आणि काही काळ त्याच्याजवळ केवळ परिचारिका-साहाय्यक होत्या. 49 दिवसांनी तो दगावला. त्याच्या आईने दवाखान्यातले चित्रीकरण मिळवले, ते पुन्हा पुन्हा पाहून कोण किती वेळ आत होते याची मिनिटांची नोंद केली, न्यायालयात आणि संसदेसमोर ती एकटी उभी राहिली, आणि 2021 मध्ये त्या शल्यविशारदाला तीन वर्षांची कैद झाली. त्यातून आलेल्या कायद्याबद्दल पुढच्या उत्तरात वाचावे.

10. शस्त्रक्रियागृहात कॅमेरा सक्तीचा झाला म्हणतात, ते खरे आहे का? अपवाद आहेत का?

खरे आहे. ऑगस्ट 2021 मध्ये दक्षिण कोरियाच्या संसदेने कायद्यात दुरुस्ती मंजूर केली आणि 25 सप्टेंबर 2023 पासून ती अमलात आली. रुग्ण बेशुद्ध असतो अशा शस्त्रक्रियांच्या खोल्यांत कॅमेरे बसवणे बंधनकारक आहे. चित्रीकरण मात्र आपोआप होत नाही. रुग्णाने किंवा पालकाने मागणी करावी लागते. चित्रीकरण किमान 30 दिवस जपावे लागते आणि आवाज सर्वसाधारणपणे टिपला जात नाही.

अपवाद आहेत : तातडीची शस्त्रक्रिया, जिवावर बेतलेली अतिजोखमीची शस्त्रक्रिया, किंवा शिकाऊ डॉक्टरांच्या प्रशिक्षणात मोठा अडथळा येत असल्यास रुग्णालय नकार देऊ शकते. चित्रीकरण पाहण्यासाठीही तपास यंत्रणेची किंवा न्यायालयाची मागणी, अथवा संबंधित सर्वांची संमती लागते. डॉक्टरांच्या संघटनांनी या कायद्याला कडाडून विरोध केला होता. मुख्य शल्यविशारदाचे नाव रुग्णाला लेखी कळवणे आणि तो बदलल्यास सांगणे हे 2017 पासूनच बंधनकारक होते. ते पुरेसे ठरले नाही.

11. हे चित्रपट शेवटी बायकांनाच दोष देतात, असे नाही वाटत?

वाटते, आणि माझी या प्रकाराबद्दलची मुख्य तक्रार हीच आहे. रूप बदलू पाहणारी मुलगी उथळ, मत्सरी किंवा वेडी ठरते आणि तिचा चेहरा फाटतो. तिला तिथवर ढकलणारा वरिष्ठ, सासर, जाहिरातदार आणि दवाखान्याचा मालक सहीसलामत सुटतात. 'व्हाइट'मध्ये शस्त्रक्रियेचे व्यसन लागलेल्या गायिकेवर संकट कोसळते, पण तिला बाजारात उभी करणाऱ्या यंत्रणेवर कॅमेरा फार वेळ थांबत नाही. 'सिंड्रेला'त शल्यविशारद दोषी आहे खरी, पण आई म्हणून. व्यावसायिक म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. प्रत्यक्षातला भयंकर प्रकार प्रश्न 9 मध्ये सांगितल्याप्रमाणे व्यवसायाच्या हिशेबातून जन्मला, आणि त्याला मी पाहिलेल्या एकाही भयपटाने सरळ हात घातलेला नाही.

गंमत अशी की 2006 च्याच डिसेंबरात आलेला '200 पाउंड्स ब्यूटी' हा विनोदी चित्रपट याच शस्त्रक्रियेला सुखान्त मिळवून देतो आणि त्याला 60 लाखांहून अधिक प्रेक्षक लाभले. नापसंती भयपटाने दाखवायची आणि तिकिटे विनोदी चित्रपटाने विकायची, अशी ही वाटणी होती.

'मास्क गर्ल'मध्ये थोडा बदल दिसतो. दिवसा कचेरीत काम करणाऱ्या आणि रात्री मुखवटा घालून नेटवर नाचणाऱ्या किम मो-मी या एकाच पात्राची भूमिका तीन अभिनेत्रींनी वाटून घेतली आहे, आणि तिला हिणवणारे पुरुषही तितक्याच बारकाईने रंगवले आहेत. 2018 च्या सुमारास अनेक कोरियन तरुणींनी सौंदर्यप्रसाधने फोडून, केस कापून सौंदर्याच्या सक्तीविरुद्ध चळवळ केली, तिच्यानंतरची ही मालिका आहे, आणि ते जाणवते.

12. पुरुषांवर असा चित्रपट नाही का?

'टाइम'च्या उत्तरार्धात पुरुषही चेहरा बदलतो, एवढाच ठळक अपवाद मला आठवतो. प्रत्यक्षात मात्र जबडा आणि नाक यांच्या शस्त्रक्रिया करून घेणारे पुरुष सोलमध्ये दुर्मीळ नाहीत, आणि कायदा ज्याच्या मृत्यूनंतर बदलला तो विद्यार्थी (प्रश्न 9) पुरुषच होता.

13. माझी स्वतःची शस्त्रक्रिया ठरली आहे. हे चित्रपट पाहू की नको?

'टाइम'ची पहिली काही मिनिटे नक्कीच टाळावीत. बाकीच्या चित्रपटांतली भीती शस्त्रक्रियेच्या खऱ्या धोक्यांशी फारशी जुळत नाही, त्यामुळे त्यांवरून निर्णय घेऊ नये. खरे धोके नीरस असतात : रक्तस्राव, जंतुसंसर्ग, भुलीची गुंतागुंत, आणि जबड्याच्या बाबतीत खालच्या ओठाला किंवा हनुवटीला कायमचा बधिरपणा. शस्त्रक्रिया सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोण करणार, भूलतज्ज्ञ पूर्णवेळ हजर असेल का, आणि रक्तस्राव झाल्यास रक्त व अतिदक्षता विभाग कुठे आहे, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. उत्तर देताना समोरचा माणूस चिडला तर दुसरा दवाखाना पाहावा.